सीपॅनेलमधून आपल्या वेबसाइटचा बंदोबस्त

कोल्हापुरातल्या एखाद्या दुकानदाराला त्याच्या वेबसाइटच्या सीपॅनेलचा पासवर्ड विचारला, तर "ज्यानं साइट करून दिली त्या पोराकडं असंल की" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचे नवल वाटत नाही. ते पोरगे एव्हाना पुण्याला नोकरीला लागलेले असते, त्याचा नंबर बदललेला असतो आणि होस्टिंगचे, म्हणजे साइट ज्या संगणकावर (सर्व्हरवर) ठेवलेली असते त्याच्या भाड्याचे, पैसे मात्र दरवर्षी दुकानाच्या कार्डावरून आपोआप वळते होत असतात. शटर, गल्ला आणि गोदाम यांच्या किल्ल्या मालक स्वतःच्या कमरेला ठेवतो. वेबसाइटच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा जिथे टांगलेला असतो, त्या सीपॅनेलचे तोंडही त्याने पाहिलेले नसते.

सीपॅनेल म्हणजे आपल्या होस्टिंग खात्याचा कारभार पाहण्याचा पडदा. साइटच्या फाइली, डेटाबेस, ईमेलची खाती, सुरक्षा प्रमाणपत्रे आणि बॅकअप हे सारे त्याच्या आत असते. जो तिथे शिरला, त्याला वर्डप्रेसचे (साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्याचे) कुलूप फोडण्याची गरजच उरत नाही, कारण डेटाबेसमध्ये जाऊन तो स्वतःसाठी नवा ॲडमिन तयार करू शकतो. वर्डप्रेसवर सुरक्षेचे चार प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) चढवायचे आणि सीपॅनेलला दुकानाचे नाव व पुढे १२३ असा पासवर्ड ठेवायचा, हा प्रकार मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा यातला आहे. म्हणून या टिपणात आधी पॅनेलचा बंदोबस्त, नंतर साइटचा, असा क्रम धरला आहे. पडद्यांची नावे सीपॅनेलवर दिसतात तशीच दिली आहेत; एखादे सापडले नाही, तर पॅनेलच्या वरच्या शोधचौकटीत ते टाइप करून पाहावे, आणि तरीही दिसले नाही, तर होस्टिंग कंपनीने ती सोय बंद ठेवली आहे असे समजून त्यांना विचारावे.

किल्ल्या कोणाकडे आहेत

सीपॅनेलच्याही वर दोन किल्ल्या असतात. पहिली, होस्टिंग कंपनीच्या संकेतस्थळावरचे आपले ग्राहक खाते, जिथून सीपॅनेलचा पासवर्ड बदलता येतो. दुसरी, त्या ग्राहक खात्याला जोडलेला ईमेल, जिथे "पासवर्ड विसरलो" ची चिठ्ठी येते. हा ईमेल त्या पोराचा असेल, तर कायद्याने साइट तुमची असली तरी व्यवहारात ती त्याची आहे. तेव्हा सर्वांत आधी ग्राहक खात्यातला ईमेल आणि मोबाइल नंबर मालकाचा करून घ्यावा. डोमेन, म्हणजे साइटचे नाव, वेगळ्या कंपनीकडे नोंदवले असेल, तर तिथेही हेच करावे आणि डोमेनचे लॉक (ते परस्पर दुसरीकडे हलवू न देणारे कुलूप) चालू आहे ना, तेवढे पाहून घ्यावे. संपर्काचा हा ईमेल स्वतःच्याच डोमेनवरचा नसावा, कारण साइट बंद पडली की बहुधा त्याच सर्व्हरवरचा ईमेलही बंद पडतो आणि मदतीची चिठ्ठी येणार कुठे, हा प्रश्न उभा राहतो.

यानंतर सीपॅनेलमध्ये शिरावे. पत्त्याच्या शेवटी २०८३ हा पोर्ट असावा, कारण तो सुरक्षित जोडणीचा आहे. २०८२ हा उघड्या जोडणीचा आहे आणि त्यावरून पासवर्ड टाकू नये. 'पासवर्ड अँड सिक्युरिटी' या पडद्यावर नवा, लांबलचक आणि इतर कुठेही न वापरलेला पासवर्ड द्यावा व तो पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावा. मग 'टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन' उघडून पडद्यावरचा क्यूआर कोड मोबाइलमधल्या ऑथेंटिकेटर ॲपने टिपावा आणि ॲपमध्ये दिसणारा सहा अंकी आकडा टाकून ते चालू करावे. इथे एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हा दुसरा टप्पा फक्त सीपॅनेलच्या दारावर लागतो. मुख्य खात्याचे तेच नाव आणि तोच पासवर्ड एफटीपीलाही (फाइली चढवण्या-उतरवण्याच्या मार्गालाही) चालतो आणि तिथे सहा अंकी आकडा कोणी विचारत नाही. त्यामुळे टू-फॅक्टर लावले म्हणून पासवर्ड सोपा ठेवून चालत नाही.

'कॉन्टॅक्ट इन्फर्मेशन' मध्ये मालकाचा ईमेल देऊन, पासवर्ड बदलला, संपर्काची माहिती बदलली किंवा खात्यात कोणी लॉगिन केले की कळवा, या चौकटींवर खुणा कराव्यात. पॅनेलच्या पहिल्या पानावर उजव्या बाजूला, शेवटचे लॉगिन कोणत्या आयपी पत्त्यावरून झाले, हे लिहिलेले असते. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता अधूनमधून बदलतो, म्हणून अनोळखी आकडा दिसताच घाबरू नये. पण तो पत्ता परदेशातला निघाला आणि आपण तर राजारामपुरी सोडून कुठे गेलेलो नाही, तर मात्र लगेच पासवर्ड बदलावा.

डिझायनरला काम द्यायचे असेल, तेव्हा सीपॅनेलचा पासवर्ड त्याला व्हॉट्सॲपवर पाठवू नये. 'एफटीपी अकाउंट्स' मध्ये त्याच्यासाठी वेगळे खाते काढून ते त्या एका फोल्डरपुरते बांधावे आणि काम संपले की काढून टाकावे. याच पडद्यावर जुनी खातीही दिसतात. २०१८ साली फोटो चढवायला म्हणून कोणासाठी तरी काढलेले खाते आजही जिवंत असते. ते खाते कशासाठी होते हे कोणालाच आठवत नसेल, तर तेच ते काढून टाकण्याचे पुरेसे कारण समजावे. खाते काढताना फाइलीही काढायच्या का, असे पॅनेल विचारते. तिथे घाई करू नये, नाहीतर खात्याबरोबर साइटचे फोल्डरही जाते.

कुलपाचे चिन्ह

एचटीटीपीएसचा, म्हणजे साइट आणि गिऱ्हाईक यांच्यातली माहिती झाकून नेण्याचा, भाग आता सोपा झाला आहे. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपी साइटवर "सुरक्षित नाही" असा शिक्का मारतो, त्यामुळे निदान त्या लाजेने तरी बहुतेकांनी प्रमाणपत्र बसवून घेतले आहे. सीपॅनेलमध्ये 'एसएसएल/टीएलएस स्टेटस' उघडून आपल्या डोमेनवर खूण करावी आणि 'रन ऑटोएसएसएल' दाबावे. प्रमाणपत्र फुकट मिळते आणि मुदत संपण्याआधी आपोआप नवे होते. हिरवी खूण आल्यानंतरच 'डोमेन्स' या पडद्यावर जाऊन 'फोर्स एचटीटीपीएस रीडायरेक्ट' चालू करावे. क्रम उलटा केला, तर गिऱ्हाइकाला साइटऐवजी ब्राउझरचा भला मोठा इशारा दिसतो.

लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रे सध्या ९० दिवसांची असतात, आणि ब्राउझर कंपन्या व प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांनी एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे १५ मार्च २०२९ पासून कोणतेही सार्वजनिक प्रमाणपत्र ४७ दिवसांपेक्षा जास्त चालणार नाही. म्हणजे हाताने प्रमाणपत्र बसवून वर्षभर निर्धास्त राहण्याचे दिवस संपले आहेत. "पैसे भरून घेतलेले एसएसएल (प्रमाणपत्र) जास्त सुरक्षित" असे सांगून कोणी ते विकत असेल, तर लहान दुकानाने त्या फंदात पडू नये. माहितीची गुप्तता दोन्हींत सारखीच राखली जाते. आपोआप नूतनीकरण अडते ते बहुधा एखादे जुने उपडोमेन (मुख्य नावाआधी शब्द जोडून केलेले पोटनाव) आता दुसऱ्याच सर्व्हरकडे बोट दाखवत असल्यामुळे. तसे असेल, तर त्या नावाला ऑटोएसएसएलमधून वगळावे. आणि कुलपाचे चिन्ह म्हणजे साइट निर्धोक, हा समज मनातून काढून टाकावा. गिऱ्हाईक आणि सर्व्हर यांच्यामधली वाट झाकलेली आहे, एवढेच ते चिन्ह सांगते. सर्व्हरवर कोण बसले आहे, याबद्दल ते काही बोलत नाही.

मागच्या दाराची गोष्ट

काही वर्षांपूर्वी शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्याचा, दिवाळी पाडव्याच्या सौद्यांच्या आदल्या आठवड्यात, मला फोन आला. "गुगलवर आमचं नाव घातलं की जपानी कायतरी दिसायलंय ओ," असे ते म्हणाले. साइट उघडली तर गुळाच्या रव्यांचे फोटो, सेंद्रिय गुळाचे दर, सारे जागच्या जागी होते. गुगलच्या निकालांत मात्र त्यांच्याच डोमेनखाली जपानी लिपीतली शेकडो पाने दिसत होती आणि त्यांवर टिचकी मारली की बनावट मालाच्या दुकानात जायला होत होते. हा प्रकार जगभर चालतो. घुसखोर मालकाला आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला चांगली साइट दाखवतो आणि शोधयंत्राला दुसरीच.

फाइल मॅनेजर उघडून वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या 'सेटिंग्ज' मध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याची खूण केली आणि 'लास्ट मॉडिफाइड' या रकान्यावर टिचकी मारून फाइली तारखेनुसार लावल्या. गेल्या दोन महिन्यांत ज्या साइटला कोणी हात लावला नव्हता, तिच्यात आठ दिवसांपूर्वी बदललेल्या फाइली वर आल्या. अपलोड्सच्या एका जुन्या महिन्याच्या फोल्डरात, जिथे फोटोंखेरीज काही असण्याचे कारण नाही, तिथे रव्यांच्या दोन फोटोंच्या मधोमध एक पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम, बसली होती. उघडल्यावर तिच्यात वाचता येण्याजोगे काही नव्हते, नुसती अक्षरांची एक लांबच लांब ओळ. त्या एका फाइलीतून घुसखोर बाकीचे सारे चालवत होता.

पण तो आत आला तो या साइटमधून नव्हे. पब्लिक-एचटीएमएलमध्ये, म्हणजे साइटच्या मुख्य फोल्डरात, 'ओल्ड' नावाचे एक फोल्डर होते. नवी साइट केली तेव्हा जुनी "राहू दे, लागली तर" म्हणून तिथे ठेवलेली होती. तिचे वर्डप्रेस आणि प्लगइन कित्येक वर्षांत अद्ययावत झालेले नव्हते. ती कोणाच्या ध्यानीमनी नसली तरी इंटरनेटवर उघडी होती. अशा जुन्या प्लगइनच्या भोकांचा शोध घेत यंत्रे रात्रंदिवस फिरत असतात. एका सीपॅनेल खात्यातल्या सगळ्या साइट एकाच सर्व्हर-वापरकर्त्याच्या नावाने चालतात, त्यामुळे एकीत शिरलेला दुसरीत सहज जातो. पाच गिऱ्हाइकांच्या साइट एकाच खात्यात कोंबणारे डिझायनर ही गोष्ट सांगत नाहीत. व्यवसायाची साइट वेगळ्या खात्यात असावी, यासाठी वर्षाला थोडे जास्त पैसे गेले तरी मी ते घालवायला सांगतो.

तेव्हा बंदोबस्तातले सर्वांत फळ देणारे काम म्हणजे झाडलोट. फाइल मॅनेजरमध्ये बसून ओल्ड, टेस्ट, न्यू-टू, बॅकअप अशा नावांची फोल्डरे शोधावीत, त्यांची प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी आणि सर्व्हरवरून ती काढून टाकावीत. पब्लिक-एचटीएमएलमध्ये पडलेल्या झिप आणि एसक्यूएल (डेटाबेसच्या प्रतीच्या) फाइली तर तत्काळ हलवाव्यात. त्या फाइलीचे नाव अंदाजाने ओळखून कोणीही अख्खा डेटाबेस उतरवून घेऊ शकतो. 'डोमेन्स' मध्ये विसरलेली उपडोमेने आणि डेटाबेसच्या पडद्यावर मालक नसलेले जुने डेटाबेस दिसतील, त्यांचाही निकाल लावावा. चाचणीची साइट ठेवणे भागच असेल, तर 'डिरेक्टरी प्रायव्हसी' मधून त्या फोल्डरला वेगळा पासवर्ड लावावा, आणि 'इंडेक्सेस' मध्ये 'नो इंडेक्सिंग' निवडावे, म्हणजे फोल्डरातल्या फाइलींची यादी परक्याला दिसत नाही.

फाइलींच्या परवानग्या पाहताना फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ हे आकडे नेहमीचे समजावेत. डेटाबेसचा पासवर्ड ज्या फाइलीत असतो, त्या डब्ल्यूपी-कॉन्फिगला बहुतेक होस्टिंगवर ६०० चालतो. ७७७ (म्हणजे कोणालाही बदल करण्याची मुभा) कुठेही दिसला, तर कोणीतरी "एरर येत होती म्हणून" तो दिलेला असतो, तो काढावा. तुमच्या पॅनेलमध्ये 'वर्डप्रेस टूलकिट' असेल, तर त्यातल्या सुरक्षेच्या यादीतून अपलोड्सच्या फोल्डरात पीएचपी चालू न देण्याचा पर्याय जरूर निवडावा. गूळ व्यापाऱ्यांच्या साइटवर तेवढी एक खूण असती, तर ती फाइल तिथे येऊनही निपचित पडून राहिली असती.

पीएचपी, मॉडसिक्युरिटी आणि वेळ खाणारी कामे

'मल्टीपीएचपी मॅनेजर' मध्ये, किंवा काही होस्टिंगवर 'सिलेक्ट पीएचपी व्हर्जन' मध्ये, साइट कोणत्या पीएचपीवर चालते ते दिसते. ७.४ या आवृत्तीच्या सुरक्षा-दुरुस्त्या २८ नोव्हेंबर २०२२ रोजी थांबल्या, ८.० च्या २६ नोव्हेंबर २०२३ रोजी, आणि ८.१ च्या २०२५ च्या अखेरीस. ८.२ ला २०२६ अखेरपर्यंत आणि ८.३ ला २०२७ अखेरपर्यंत मुदत आहे. बदल करण्याआधी बॅकअप घ्यावा, थीम आणि प्लगइन अद्ययावत करावेत आणि गिऱ्हाईक नसते अशा रात्रीच्या वेळी आवृत्ती बदलून पाहावी. पान कोरे दिसले, तर त्याच पडद्यावरून जुनी आवृत्ती पुन्हा निवडता येते, तेव्हा भिण्याचे कारण नाही. पण जुनीवर परत गेल्यावर "चालतंय की" म्हणून तिथेच राहू नये, तर जो प्लगइन अडतो तो बदलावा.

'मॉडसिक्युरिटी' चालू असू द्यावे. ते साइटच्या दारावरचा पहारेकरी आहे आणि कधीमधी भल्या माणसालाही अडवते, विशेषतः चौकशीचा फॉर्म भरताना ४०३ ची ('परवानगी नाही' ही) चूक येते. अशा वेळी पहारेकऱ्यालाच घरी पाठवणारे पुष्कळ असतात. त्याऐवजी होस्टिंग कंपनीला चूक नेमकी केव्हा आली ती वेळ कळवून तो एकच नियम शिथिल करून घ्यावा. 'आयपी ब्लॉकर' मध्ये एकेक पत्ता टाकत बसणे मला वेळेचा अपव्यय वाटते, कारण हल्लेखोराकडे पत्त्यांचा तुटवडा नसतो. 'हॉटलिंक प्रोटेक्शन' ने आपले फोटो दुसऱ्याच्या साइटवर थेट वापरले जाणे थांबते, पण सुरक्षेशी त्याचा संबंध फारसा नाही. 'व्हायरस स्कॅनर' महिन्यातून एकदा चालवावा. तो काही सापडले नाही म्हणाला, तर त्याला नेहमीचे विषाणू सापडले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

बॅकअप कुठे ठेवायचा

'बॅकअप' या पडद्यावर दोन प्रकार असतात आणि त्यांतला फरक अडचणीच्या वेळीच कळतो. 'फुल बॅकअप' मध्ये सारे खाते एका फाइलीत येते, पण ते सीपॅनेलमधून स्वतःला पुन्हा चढवता येत नाही. त्यासाठी होस्टिंग कंपनीचे पाय धरावे लागतात. होम डिरेक्टरी आणि डेटाबेस यांचे वेगवेगळे बॅकअप मात्र आपले आपल्याला चढवता येतात. म्हणून दर महिन्याला हे दोन्ही सुटे बॅकअप घ्यावेत आणि साइटवर रोज ऑर्डरी येत असतील, तर डेटाबेसचा बॅकअप रोज घेण्याची सोय करावी. होस्टिंग कंपनी स्वतः बॅकअप ठेवत असते, तरी ती किती दिवसांचे ठेवते हे विचारून घ्यावे. सात दिवसांचे ठेवत असेल आणि घुसखोर आठ दिवसांपूर्वी आलेला असेल, तर सगळे बॅकअप त्याच्यासकट आहेत.

बॅकअपची फाइल सर्व्हरवरच ठेवली, तर सर्व्हर गेला की तीही गेली. दुकानातल्या हार्ड डिस्कवर ठेवली, तर तेवढ्यावर भागते असेही नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली या भागांत तळमजल्यांवर पाणी शिरले, हे इथे कोणाला सांगायला नको. माल वरच्या मजल्यावर चढवण्याच्या गडबडीत टेबलाच्या खणातली हार्ड डिस्क कोणाला आठवत नाही. एक प्रत क्लाउडवर आणि एक प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे, ही माझी पद्धत आहे. वर्षातून एकदा तरी बॅकअप चाचणीच्या जागेवर चढवून पाहावा, कारण न उघडणारी झिप फाइल हा काही बॅकअप नव्हे.

ईमेल

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या वसाहतीतल्या कारखान्याला साइटपेक्षा ईमेलची जपणूक जास्त करावी लागते, कारण पैशांचा पत्रव्यवहार तिथे होतो. घुसखोर एखाद्या मेलबॉक्समध्ये शिरतो, 'फॉरवर्डर्स' किंवा 'ईमेल फिल्टर्स' मध्ये एक ओळ टाकून प्रत्येक पत्राची प्रत स्वतःकडे वळवतो आणि मोठ्या बिलाची वेळ आली की "आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे" असे पत्र गिऱ्हाइकाला धाडतो. मेलबॉक्सचा पासवर्ड बदलला तरी ती ओळ तशीच राहते, म्हणून हे दोन्ही पडदे आणि 'ग्लोबल ईमेल फिल्टर्स' महिन्याला डोळ्यांखालून घालावेत. 'ईमेल डिलिव्हरेबिलिटी' मध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम या, पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून आले हे पटवणाऱ्या, नोंदींपुढे चूक दिसली, तर 'रिपेअर' दाबावे. डोमेनचा डीएनएस (नाव कोणत्या सर्व्हरकडे जाते हे सांगणारी नोंदवही) दुसरीकडे असेल, तर ते बटण उपयोगाचे नाही. पडद्यावर सुचवलेल्या नोंदी तिथे नेऊन हाताने भराव्या लागतात. सोबत, आपल्या नावाने आलेल्या खोट्या पत्रांचे काय करायचे हे सांगणारी डीमार्कची नोंद आधी नुसत्या पाहणीच्या पातळीवर ठेवावी आणि आपली सगळी खरी पत्रे नीट पोहोचतात अशी खात्री पटली की ती कडक करावी.

साइट फुटलीच तर

घुसखोरी झाल्याचे दिसले, तर आधी काही पुसू नये. खात्याची आहे त्या स्थितीतली प्रत उतरवून घ्यावी, 'रॉ ॲक्सेस' मधून भेटींच्या नोंदीही घ्याव्यात, कारण तो कुठून आला हे त्यांतच सापडते. मग विषाणू नसलेल्या संगणकावरून ग्राहक खाते, सीपॅनेल, एफटीपी, डेटाबेस आणि वर्डप्रेस या सर्वांचे पासवर्ड त्याच क्रमाने बदलावेत. पैशांची फसवणूक झाली असेल, तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. कंपन्यांना सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत तिला कळवणेही बंधनकारक आहे.

त्या गूळ व्यापाऱ्यांची साइट मी बॅकअपवरून चढवली, 'ओल्ड' काढून टाकले, पासवर्ड बदलले आणि पाडव्याचे सौदे निर्विघ्न झाले. पुढच्या आठवड्यात जपानी पाने परत आली. 'क्रॉन जॉब्स' हा पडदा मी उघडलाच नव्हता. तिथे ठरावीक वेळाने चालणारी एक आज्ञा बसवलेली होती, जी ती फाइल बाहेरून पुन्हा आणून ठेवत होती. तेव्हापासून क्रॉन जॉब्स, एफटीपी अकाउंट्स, फॉरवर्डर्स आणि 'मॅनेज एपीआय टोकन्स' (पासवर्डाशिवाय खात्यात काम करू देणाऱ्या किल्ल्या) हे चार पडदे पाहिल्याशिवाय मी साइट साफ झाली असे म्हणत नाही. गुगल सर्च कन्सोलमध्ये (गुगलवर साइट कशी दिसते हे मालकाला दाखवणाऱ्या सोयीत) जाऊन वापरकर्त्यांची यादीही तपासावी, कारण घुसखोर तिथे स्वतःला मालक म्हणून नोंदवून ठेवतो. ती नोंद काढण्याआधी पब्लिक-एचटीएमएलमधली, गुगल या शब्दाने सुरू होणारी आणि आपण न ठेवलेली छोटी एचटीएमएल फाइल काढावी; ती तिथे असेपर्यंत तो पुन्हा मालक होऊ शकतो.